मंदाच्या पंपाला मी वाढवलेला नारळ

प्रवास म्हटलं की लोक काशी-रामेश्वर सांगतात, नाहीतर विमानातून दिसलेले ढग सांगतात. माझा प्रवास भिंगारहून निघून मिरजगावच्या पुढच्या एका वस्तीपर्यंतचा. सकाळी निघालं तर दुपारच्या भाकरीला माणूस पोचतं. एवढ्याशा वाटेचं काय लिहायचं, असं माझा मुलगा म्हणाला. मी म्हटलं, बाबा, लांब जाणाऱ्यांना दाखवायला फोटो असतात. माझ्याकडे जे आहे ते फोटोत यायचं नाही, आणि आलंच असतं तर मी कुणाला दाखवलं नसतं.

आधी थोडं माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शाळा मी दुसरीपर्यंत पाहिली. बाकीची अक्षरं एसटीच्या पाट्यांवरून शिकले. जामखेड, करमाळा, श्रीगोंदा, शेवगाव असे जोडाक्षरांचे धडे मला स्टँडवर बसल्या बसल्या मिळाले. आमचे हे मिलिटरीच्या डेपोत नोकरीला होते. ते असताना पेपर तेच वाचून दाखवायचे. ते गेल्यापासून मी वाचते, आणि मोठ्यानं वाचते. तशी सवयच लागली आहे. त्यामुळे आमच्या आळीत पेपर एकच येतो आणि ऐकू चार घरांना जातो.

त्यात सरकारी योजनेची बातमी असली की मला राहवत नाही. शेतकऱ्याला उन्हावरचा पंप द्यायची योजना आली, तेव्हा मी ती बातमी कापून उशाखाली ठेवली होती. थोडा हिस्सा शेतकऱ्यानं भरायचा, बाकीचं सरकार घालणार. बिल नाही, रात्रीची लाइट नाही, साप-विंचवात जाऊन मोटर चालू करणं नाही. मी लगेच माझ्या भाचीला, मंदाला, फोन लावला. मंदा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिला दिलंय मिरजगावच्या पुढे, वस्तीवर. त्यांची विहीर आहे, पण विजेच्या खांबाची वाट बघून बघून तिचा नवरा दत्तोबा कंटाळला होता. डिझेलच्या इंजिनावर कसंबसं भागवत होते.

दत्तोबांचं मन सोलरला होत नव्हतं. सोलर घेतलं की खांबावरच्या लाइटचा अर्ज निकालात निघतो, ही गोष्ट त्यांना पक्की माहीत होती. मला फोनवर म्हणाले, "मावशी, ढग आलं तर काय करायचं?"

मी म्हटलं, "जावईबापू, तुमच्या कर्जत तालुक्यात ढग येतात कधी?"

ते हसले आणि त्यांनी अर्ज भरला. हिश्श्यासाठी इंजिन विकलं. म्हणजे खांब गेला, इंजिन गेलं, आणि सगळा भार सूर्यावर आणि माझ्या जिभेवर आला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट आळीत मी सांगत सुटले की माझ्या भाचीला पंप मीच मिळवून दिला.

पंप बसला त्या दिवशी मंदाचा फोन आला. "मावशे, पयलं पानी तुज्या हातनं सोडायचं. तू येस्तवर बटनाला कुनी हात लावनार न्हाई."

वाटेवर

माघातले दिवस होते. भिंगारच्या बाजारात नारळ घ्यायला गेले तर मी दहा नारळ कानाशी हलवून बघितले. दुकानदार म्हणाला, "आजी, नारळ बघताय का नवरदेव?" मी म्हटलं, "नवरदेव बघताना एवढं बघितलं नव्हतं बाबा." निवडला तो नारळ जड होता, पाणीदार होता आणि कवटीला दगडासारखा होता. त्याची कवटी किती पक्की होती हे मला पुढे चांगलंच कळलं.

गाडीत खिडकी मिळाली. नगर सोडताना मागे वळून पूर्वेच्या डोंगरावर बघितलं की पवनचक्क्या फिरताना दिसतात. लहान मुलानं भिरभिरी धरून ठेवावी तशा. सोलापूर रस्त्याला लागलं की डोंगर मागे राहतात आणि दोन्ही हातांना नुसती ज्वारी. दाणा भरत आलेला, कणसं माना टाकायच्या बेतात. मधे एका गावाच्या गायरानात ज्वारीऐवजी सोलरच्या प्लेटांचं शेत लागलं. निळंकाळं, चकचकीत, सगळ्या प्लेटा एकाच दिशेला तोंड करून, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या.

माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. तिला मी समजावून सांगायला लागले. सरकारनं गायरानं भाड्यानं घेतली आहेत, तिथं वीज तयार होणार, ती जवळच्या गावांच्या मोटारींना दिवसा मिळणार, आता रात्रीचं पाणी धरायला कुणाला जायला नको. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् शेरडं कुठं चारायची?"

त्याचं पेपरात काही आलं नव्हतं. म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

वस्ती

मिरजगावच्या स्टँडवर दत्तोबा मोटरसायकल घेऊन उभे होते. वस्तीवर पोचले तर मंदानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी म्हटलं, अगं मी काय नवी नवरी आहे? पण मनातून बरं वाटलं. जेवायला बाजरीची भाकरी आणि येसर आमटी. आमच्या भिंगारला आमटी नुसती तिखट असते. इथली काळी, दाट असते, घशाखाली उतरल्यावर मागे वळून बघते.

मग पंप बघायला गेलो. विहिरीच्या काठावर लोखंडी मांडणी, तिच्यावर नऊ प्लेटा तिरप्या बसवलेल्या. पलीकडे मंदाची लिंबोणीची बाग, झाडं अजून कंबरेएवढी, पहिल्या दुसऱ्या उन्हाळ्यातली, पाण्यावाचून राहू न शकणारी. बागेच्या कडेला बांध, आणि बांधापलीकडे शकीलाबीचं रान.

शकीलाबीला मंदा चाची म्हणते. वयानं माझ्याएवढीच असेल. नवरा गेलेला, मुलगा टेम्पोवर कायम बाहेरगावी. रान तीच करते. अर्ध्या रानात ज्वारी, आणि ज्वारीच्या मधोमध चार लाकडांवर बांधलेला माळा. त्या माळ्यावर उभी राहून ती दिवसभर गोफण फिरवून पाखरं हाकते. उरलेल्या अर्ध्यात तिनं यंदा कांदा लावलाय. कांद्याला पाणी लागतं आणि तिला विहीर नाही. तिलाही सोलर पंप हवा होता, पण सातबाऱ्यावर तिच्याबरोबर दिरांची नावं, आणि दीर भिवंडीकडे. त्यांची संमती आल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मंदानं तिला शब्द दिला होता, "चाची, आपला सोलर झाला की तुमचं पाण्याचं बारं धरून ठेवते. लावा कांदा." त्या शब्दावर कांदा लागला होता.

संध्याकाळी चाचीनं हुरड्याला बोलावलं. शेतातच आगटी पेटवलेली, तिच्यात कणसं खुपसलेली. ती गरम कणसं तळहातावर चोळायची आणि हिरवा दाणा सुपात पडायचा. बरोबर लसणाची चटणी, गूळ. मी फुंकून फुंकून खात होते तर ती म्हणाली, "आक्का, हुरडा निवला की जवारी व्हती. भाजलं तर भाजू द्या."

मी तिच्या गोफणीला हात लावला. म्हटलं, मला शिकवा. तिनं दगड भरून दिला. मी डोक्यावरून गरागरा फिरवली, सोडली, आणि दगड माझ्याच पाठीमागे मंदाच्या गाईजवळ जाऊन पडला. गाय उठून उभी राहिली. सगळे पोट धरून हसले.

दत्तोबा ओरडले, "मावशी, तिकडं माजं सोलर हाय! चाची, तुमी पन जरा उगवतीकडंच मारत जा बरं का."

चाचीनं गोफण माझ्या हातातून घेतली आणि गुंडाळली. "दत्तू, जलम गेला माजा गोफन फिरवन्यात. माज्या हातनं कुनाचं मडकं न्हाई फुटलं अजून. तुजं सोलर काय फुटतंय."

हे तिचं वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

पहिलं पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर सगळे विहिरीवर जमलो. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका आल्या होत्या. चाची तिच्या रानातून ओल्या पायांनी तशीच आली. मी नवं लुगडं नेसले होते. बटणाच्या पेटीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. पंप बसवणारी माणसं जाताना सांगून गेली होती की प्लेटांना पाणी आणि मऊ फडकं, याशिवाय कशाचा हात लागू द्यायचा नाही. दत्तोबांनी एक दगड आणून ठेवला होता. म्हणाले, "मावशी, नारळ खाली ह्या दगडावर वाढवा."

आता मी गप्प दगडावर फोडला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण चारचौघी बघत होत्या, आणि पंप माझ्यामुळे आलेला. मी म्हटलं, "जावईबापू, नव्या ट्रॅक्टरचा नारळ काय तुम्ही शेजारच्या रानात जाऊन फोडता? ज्याला वाढवायचा त्याच्यापाशीच वाढवावा."

बायका हसल्या. एक म्हणाली, "खरंय की, लांबनं कसं पोचंल?"

मला जोर चढला. प्लेटांची खालची कड कंबरेएवढ्या उंचीवर होती, तिच्याखाली लोखंडी पट्टी. लोखंडाला काय होतंय, असं म्हणून मी नारळ तीन वेळा ओवाळला आणि त्या पट्टीवर मारला. काही झालं नाही. नारळाला चीर नाही. पुन्हा कुणीतरी हसलं. मी दोन्ही हातांनी जोरात मारला. हात ओले होते, हळदीकुंकवाचे होते. नारळ सटकला, उडाला आणि प्लेटेवर पडला.

काचेचा आवाज मोठा झाला नाही. तव्यावर मीठ टाकल्यावर तडतडतं तेवढाच. आणि बघता बघता ती काळी प्लेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली. कोळ्यानं एका क्षणात जाळं विणावं तशी. नारळ मात्र खाली मातीत जाऊन पडला होता, आणि दत्तोबांनी ठेवलेल्या दगडावर आपटून नीट दोन भकलं झाली होती.

मग मंदा धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशे, तुला लागलं न्हाई ना?"

तिनं रागवायला हवं होतं. रागावली असती तर मी रडले असते आणि सगळं मोकळं झालं असतं. पण तिनं माझा हात उलटासुलटा करून बघितला. दत्तोबा तोंड फिरवून पाइप बघत होते. चाचीनं भकलं उचलली, खोबऱ्याचा तुकडा काढून तोंडात टाकला आणि म्हणाली, "नारळ गोड निघाला." मग बाकीच्याही म्हणायला लागल्या, नारळ गोड निघाला, नारळ गोड निघाला. मलाही तुकडा दिला. तो मी बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

बटण माझ्याच हातून दाबलं. पाणी आलं. ऊन कडक होतं म्हणून जोरात आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, निभावलं. पण ऊन कललं तशी धार बारीक होत गेली, आणि चार वाजायच्या सुमाराला नुसती ठिबकायला लागली. दत्तोबा कंबरेवर हात ठेवून धारेकडे बघत उभे होते. मी घरात जाऊन कुणी न सांगता लसूण सोलायला बसले.

कंपनीचा माणूस

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. मिरजगावात त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे, कंपनीचंही काम तोच बघतो. चांगलं टक्कल पडलेला, बोलका गृहस्थ. प्लेटेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ह्या समद्या एकमेकीचा हात धरून असत्यात. एकीनं बसकन मारली की बाकीच्यांची पन फुगडी थांबती. ही बदलावी लागंल."

ओट्यावर चहा झाला. चाचीही बांधावर टेकली होती. त्यानं कागद काढला. "फुटली कशानं?"

तोच पुढे म्हणाला, "न्हाई, म्हंजी घरच्याच हातनं फुटली असंल तर कंपनी देत न्हाई. इकत घ्यावी लागती. वादळ झालं, कुनी बाहेरच्यानं दगड मारला, तर इम्यात बसतं. पन मग नाव लिवावं लागतं, ठान्यात अर्ज द्यावा लागतो."

दत्तोबा जमीन बघत होते. मंदा कपबश्या गोळा करत होती. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, आणि त्यावरूनच मला कळलं की सगळे माझाच विचार करतायत. पाहुणी आहे, मावशी आहे, तिनंच पंप घ्यायला लावला, तिचं नाव कसं घ्यायचं.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "माजी गोफन लागली, सायेब. लिवा माजं नाव."

त्यानं मान वर केली. "तुमची?"

"व्हय. पाखरामागं मारला अन् हिकडं आला."

माझ्या तोंडात चहा होता. चहाचा घोट गिळायला किती वेळ लागतो? मी खूप वेळ लावला. तोवर त्यानं नाव लिहिलं, गोफणीचा फोटो काढला. जाताना चाचीला म्हणाला, "मावशी, आता गोफन बंद करा हितं. पुन्यांदा दगड आला तर मग आमच्या हातात काय ऱ्हानार न्हाई." चाची म्हणाली, "न्हाई मारत." गोफण गुंडाळून काखेत धरली आणि आपल्या रानात गेली. त्या माणसानं किक मारली. माझ्या हातातला कप अजून अर्धा होता.

त्या दिवशी दुपारी पाखरं आली. मी इतकी पाखरं एका वेळी कधी बघितली नव्हती. एका दमात ज्वारीवर उतरायची, कणसं वाकवायची. चाची माळ्यावर उभी राहून पत्र्याचा डबा वाजवत होती. पाखरं उठायची, शेजारच्या बाभळीवर बसायची, तिचा हात थांबला की परत. गोफणीला पाखरू भितं, डब्याला नाही. मंदानं मला जेवायला हाक मारली. तीच येसर आमटी होती. ती माझ्या ताटात निवून गेली.

मिरजगाव

सकाळी उठून मी दत्तोबांना म्हटलं, मला बाजारात सोडा, थोडं सामान घ्यायचंय. ते मला स्टँडपाशी सोडून खताच्या दुकानाकडे गेले. मी विचारत विचारत त्या माणसाचं दुकान गाठलं. तो मोटरचं वाइंडिंग करत बसला होता, तांब्याच्या तारांत गुरफटलेला. मी उभ्या उभ्या सांगितलं, प्लेट मी फोडली. नारळानं फोडली. त्या बाईचं नाव काढा.

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. पण एक मात्र म्हणाला, "आजी, काल तुमी तिथंच तर हुता की. चहा पीत हुता."

"होते," मी म्हटलं.

"मग आता हे इम्यात बसनार न्हाई. प्लेट घरनंच घ्यावी लागंल. अन् ह्या मापाची, ह्याच जातीची यायला वेळ लागंल. इम्यातनं कंपनीनं गोदामातली लगीच धाडली असती."

मी म्हटलं, प्लेट माझ्या नावानं मागवा. पैशाचं काय ते मी करीन म्हटलं, आणि केलं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ते कमीत कमी होतं.

दुकानातून बाहेर पडले तेव्हा मला पिसासारखं हलकं वाटत होतं, हे लिहिताना मला जास्त लाज वाटते. मी बाजारात जिलबी घेतली. चाचीसाठी एक पुडा वेगळा बांधून घेतला. मोटरसायकलवर मागे बसून सगळ्या वाटेनं दत्तोबांना काही बोलले नाही. मनात ठरवलं होतं, आधी चाचीला सांगायचं.

वस्तीवर उतरले ती तडक तिच्या रानात. ती कांद्याच्या वाफ्यात बसून गवत काढत होती. मी पुडा पुढे केला आणि म्हटलं, "शकीलाबी, तुमचं नाव काढून आले मी. खरं काय ते सांगून आले."

तिनं खुरपं खाली ठेवलं. "कुनाला इचारून?"

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.

"म्या म्हनते, कुनाला इचारून गेलता? तुमाला वाटलं मी तुमच्यासाटी बोलले व्हय? तुमी कोन माजी, आक्का? दोन दिसाची वळख. हा कांदा हाय माजा. प्लेट लगीच आली असती तर माजं बारं सुटलं असतं. गोफनीला नाव लागलं ते माजं मी बघून घेतलं असतं. ठान्यात काय, म्या बोलले असते तिथं. पाखरानी निम्मी जवारी खाल्ली असती, पन कांदा हुता ना."

मी तिथंच उभी. हातात जिलबीचा पुडा. पाक कागदातून बोटांवर उतरत होता.

तिनं गोफणीचं सांगितलं तेव्हा मी तिला बळी समजले होते. ती आपला हिशेब करून बोलली होती, आणि मी तिचा हिशेब मोडून आले होते, माझ्या मनाला चैन पडावं म्हणून. आदल्या दिवशी मी गप्प बसले ते माझ्यासाठी, आणि आज बोलले तेही माझ्यासाठी. तिला विचारायचं मला दोन्ही वेळा सुचलं नाही.

संध्याकाळी दत्तोबांना कळलं. ते काही वाईट बोलले नाहीत. बांधावर जाऊन हळू आवाजात चाचीला म्हणाले, "चाची, प्लेट येस्तवर लिंबोनी जगवाय लागंल आदी. रोपटी हायेत. तुमचं बारं मग बघू." चाची म्हणाली, "बघ बाबा." मी ओट्यावर होते. माझ्यापर्यंत ऐकू यावं इतकंच अंतर होतं.

दुपारचा तास

मी दोन-चार दिवसांसाठी आले होते. मुलाला फोन केला, राहतेय म्हणून. तो म्हणाला, "एवढं काय आवडलं तिथं?" मी फोन ठेवला.

तोड मंदानं काढली. मला चुलीपाशी म्हणाली, "मावशे, बाराच्या उनात आठ प्लेटा पन बरं पानी ओढत्यात. त्यो तास चाचीला देऊ. लिंबोनी दुपारची झोपली तरी चालती." दत्तोबांनी कुरकुर केली. "शब्द मी दिलाय, तुमी न्हाई," ती म्हणाली आणि स्वतः जाऊन पाइप बांधापलीकडे टाकला.

पण एक तास पाणी म्हणजे सगळ्या वाफ्यांना पुरेल इतकं नव्हतं, आणि पाणी चालू असताना वाफ्या-वाफ्याचं तोंड उघडायला-बुजवायला माणूस तिथंच लागतं. तेव्हा माळ्यावर कोण उभं राहणार? चाचीचं नाव निघाल्यामुळे गोफणीला आता बंदी नव्हती, पण फिरवायला हात एकच. मी चाचीला न विचारता काही करायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून विचारलं. "मी माळ्यावर बसू का? गोफण मला येत नाही. ओरडता येतं."

तिनं माझ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. "ते दिसलं. चढा."

मंदानं मला शिडीवरून वर ढकललं. वर गेले आणि ओरडायला लागले. हूऽऽ हा! हूऽऽ हा! पहिल्या दिवशी लाजत ओरडले. रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टरवाले बघून हसायचे. एकानं गाडी थांबवून विचारलं, "आजी, कुनाला हाक मारताय?" खालून चाची म्हणाली, "पेपर वाचतीय ती!" मंदानं माझी सगळी कीर्ती तिला सांगितली होती.

नंतरचे दिवस मी मनापासून ओरडले. माळ्यावरून सगळं दिसतं. लिंबोणी, आठ काळ्या प्लेटा आणि मधे एक पांढरी. ऊन पडलं की ती पांढरी सगळ्यांत जास्त चमकायची. गावात कुठूनही येणाऱ्याला आधी तीच दिसायची. चाची खाली पाण्यात उभी राहून फावड्यानं माती ओढायची. तास संपला आणि धार मंदावली की ती कोरड्या राहिलेल्या वाफ्यांकडे एकदा बघायची, माझ्याकडे बघायची नाही. त्या वाफ्यांतली पात हळूहळू टोकापासून पिवळी होत गेली. ते मी रोज वरून बघितलं.

आम्ही फार बोललो नाही. एकदा तिनं वर पाणी दिलं. तांब्यात गुळाचा खडा टाकला होता. म्हणाली, "नरडं बसलंय तुमचं."

परत

निघायच्या दिवशी मंदानं पिशवीत शेंगदाणे भरले, ज्वारी भरली, मी नको नको म्हणत होते. मी चाचीच्या बांधाकडे गेले. ती माळ्यावर होती, गोफण हातात. उतरली नाही. तिनं मला काही दिलं नाही, आणि मीही द्यायला काही आणलं नव्हतं. जिलबीचा पुडा त्या दिवशी गाईला घातला होता. मी खालून म्हटलं, "येते, शकीलाबी."

"या."

मोटरसायकल रस्त्याला लागली तेव्हा मागून तिचा आवाज आला. माळ्यावरून आवाज लांब जातो.

"आक्का! पुढल्या टायमाला या! पन रिकाम्या हातानं या!"

दत्तोबा हसले. त्यांच्या पाठीमागे बसून मीही हसले, आणि पदर डोळ्यांना लावला. वारा होता म्हणून लावला, असं त्यांना वाटू दिलं.

प्लेट पुढे आली. मंदाचा फोन आला की बसवली, आणि पाणी चार वाजेपर्यंत जोरात चालतं. नारळ वाढवला का, असं मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. "न्हाई वाढवला. चाचीनं ओलं फडकं फिरवलं प्लेटेवर, बास." पहिलं बारं चाचीला दिलं. मी कांद्याचं विचारलं. मंदा आधी लिंबोणीचं सांगत बसली. मग म्हणाली, "निम्मा हाताला लागंल, मावशे. निम्मा ग्येला."

आमच्या आळीत आता घराच्या छपरावर प्लेटा बसवायची योजना गाजतेय. पेपरात रोज काहीतरी येतं. सरकार चांगलंच करतंय, ऊन आपल्याकडे भरपूर आहे, यात मला अजूनही शंका नाही. पण मी हल्ली पेपर मनातल्या मनात वाचते. परवा शेजारीण भिंतीवरून डोकावली. म्हणाली, "आजी, हल्ली तुमचा आवाज येत नाही. घसा बसलाय का?"

मी म्हटलं, "हो गं. पाखरं हाकून बसला."